आरोग्यधामातली जागा

अध्यक्षांनी थोरल्याचं नाव घेतलं, तेव्हा सभेत पहिली टाळी त्याच्या बायकोने वाजवली.

"डोंगरावरच्या आरोग्यधामात आपल्या काचकारखान्याच्या वाट्याला एक जागा आलीय," अध्यक्ष म्हणाले. "भट्टीवरच्या माणसालाच द्या, असं वरून बजावलंय. साथींनो, यालाच समाजवाद म्हणतात!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मालक पळून गेल्यावर कारखाना सगळ्यांचा झाला होता आणि ते आरोग्यधामही सगळ्यांनी मिळूनच बांधलं होतं. सुट्टीच्या दिवशी अख्खा कारखाना डोंगरावर विटा वाहायचा. थोरला आणि त्याचा धाकटा भाऊ त्यात सगळ्यांच्या पुढे असायचे. दोघं भट्टीवरचे. भट्टीची धग आणि काचेची भुकटी दोघांनी सारखीच गिळलेली. आता दोघांच्या छात्या वाजायच्या, थोरल्याची जरा जास्तच. डॉक्टरांनी त्याला सांगून टाकलं होतं, "हवा बदला, नाहीतर काही खरं नाही."

थोरला खुर्चीचा आधार घेत उठला.

"माझ्याऐवजी धाकट्याला पाठवा. त्याचं सगळं आयुष्य जायचंय."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

"अंगात ताकद आहे ना अजून त्याच्या?"

"माझ्यापेक्षा खूप."

"मग हरकत नाही," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी भर सभेत थोरल्याला मिठी मारली. या वेळी त्याच्या बायकोचे हात मांडीवरच राहिले.

घरी आल्यावर तिने भांडी आदळली.

"अहो, त्याला लेकरासारखा वाढवला मी. माझ्या ताटातला घास दिला, तेव्हा कुणाला विचारलं नाही. पण तुम्ही श्वास देऊन आलात. तो देताना मला विचारायला हवं होतं."

"चुकलो. पण दिला तो दिला."

धाकटा दारात उभा होता. "वहिनी, मी नाही जात."

"जा बाबा. तुझ्या भावाला थोर व्हायचंय. तू कशाला आडवा येतोस?"

तो निघाला तेव्हा ती दारापर्यंतही आली नाही. चुलीवर काही नसताना चुलीपाशी बसून राहिली.

थोरल्याचं नाव गाजलं. जेवणघराच्या भिंतीवर त्याचा फोटो लागला. अध्यक्ष प्रत्येक भाषणात त्याची गोष्ट सांगायचे आणि दरवेळी त्यांचा आवाज ठरलेल्या जागी भरून यायचा. शेजारणी कौतुक करायला लागल्या की बायको म्हणायची, "फोटोला बरं आहे, खोकला नाही."

हिवाळ्यात थोरल्याला भट्टीवर उभं राहवेना. त्याला फाटकावर बसवलं. डोंगरावर दूध नेणारा ड्रायव्हर येता-जाता धाकट्याचा निरोप आणायचा. निरोप ठरलेला असे : बरा आहे, उबेत आहे, काळजी करू नका.

"उबेत असणारच," बायको म्हणायची. "थंडी आमच्या वाट्याला ठेवून गेलाय."

बोलायची आणि मग रात्री उशीत तोंड खुपसून रडायची. स्वतःच्या हाताने न्हाऊमाखू घातलेल्या पोराचा आपण दुस्वास करतो, हे तिला आतून खात होतं.

थंडी ओसरली तसा थोरला हट्टाला पेटला. "एकदा त्याला बघून येतो. पुढचं कुणी सांगावं?"

त्याला एकट्याने डोंगर चढवणार नव्हता, म्हणून ती बरोबर निघाली. पिशवीत धाकट्याच्या आवडीचं खाणं होतं. नवऱ्याला दिसू नये म्हणून त्यावर कापड पसरलेलं होतं. दुधाच्या गाडीने अर्ध्यावर सोडलं. पुढे दर वळणावर थोरला दगडावर बसायचा आणि ती मुकाट्याने त्याची पाठ चोळायची.

"पोर गुटगुटीत झालं असेल," तो म्हणाला.

"झालं असलं म्हणजे मिळवली," ती म्हणाली. बऱ्याच महिन्यांनी तिचा आवाज मऊ झाला होता.

आरोग्यधामाच्या व्हरांड्याला लांबच लांब काचा होत्या, त्यांच्याच भट्टीतल्या. काचांआड आरामखुर्च्यांवर माणसं उन्हं खात पडली होती. एका खुर्चीतून हाक आली.

"अरे, थोरल्या! ये, ये!"

गुडघ्यांवर शाल घेऊन अध्यक्ष बसले होते. "पाठ धरली, म्हणून आलो चार दिवस." मग ते शेजारच्या खुर्च्यांकडे वळले. "हाच तो! भावासाठी जागा सोडणारा!"

एका बाईंनी डोळे टिपले. कुणीतरी थोरल्याचा हात हातात घेतला. तो अवघडून गेला.

"धाकटा कुठाय?"

"खाली. मागच्या पायऱ्यांनी जा. भेटा निवांत... म्हणजे, फार वेळ नको. त्याच्यावाचून अडतं इथे सगळ्यांचं."

"जीव लावला वाटतं सगळ्यांना," बायको पायऱ्या उतरताना म्हणाली. तिने पिशवीवरचं कापड काढून टाकलं. आता लपवण्यासारखं काही नव्हतं.

पायऱ्या संपल्या तिथे लोखंडी दार होतं. थोरल्याने ते ढकललं. आतून धगीचा लोट तोंडावर आला.

बॉयलरच्या तोंडाशी एक काळाठिक्कर माणूस फावड्याने कोळसा लोटत होता. दर फावड्याला खोकत होता. बायकोने त्याला ओळखलंच नाही. त्यानेच आधी ओळखलं.

"वहिनी? तूही आलीस?" त्याने घाईघाईने तोंड पुसलं. पुसल्याने ते आणखीच काळं झालं.

"तू इथे काय करतोस?" थोरल्याने विचारलं. "तुझा पलंग कुठाय?"

"पलंग वरच्यांना, दादा," धाकटा म्हणाला. "आपल्याला मिळालेली जागा हीच. आधीचा माणूस खोकून खोकून गेला, म्हणून रिकामी झाली होती."