उजवा अंगठा

हयातीच्या दाखल्याच्या रांगेत शेवंताबाई मनाशी घोकत होत्या, डावा अंगठा द्यायचा, डावा. उजवा हात त्यांनी पदराखाली दाबून धरला होता.

खरा हात तीन वर्षांपूर्वी पत्र्याच्या प्रेसखाली गेला, तेव्हापासून अपंगांची पेन्शन होती. भरपाई म्हणून कंपनीने यंदा पैसे नाही, हातच दिला. त्यांच्याच पेशींपासून वाढवलेला, आधारवरून ठसेसुद्धा हुबेहूब उमटवलेला. फक्त बोटांत पकड आली नाही. भरपाई दिसली की पेन्शन जाते, असं जावेने बजावून पाठवलं होतं.

"अंगठा द्या, मावशी," कारकून म्हणाला.

वीस वर्षं कारखान्याच्या गेटवर हजेरीला त्यांनी उजवाच अंगठा लावला होता. तोच पदरातून निघाला आणि यंत्रावर टेकला. हिरवा दिवा लागला.

"उजवा हात आहे की तुम्हाला. मग पेन्शन बंद होणार."

"अहो, त्यात जोर नाही. कपसुद्धा धरता येत नाही."

"मशीन जोर बघत नाही, ठसा बघतं. तक्रार असेल तर या अर्जावर सही करा."

शेवंताबाईंनी पेन उजव्या हातात घेतलं. ते निसटून टेबलाखाली गेलं. त्यांनी वाकून डाव्या हाताने उचललं, पुन्हा उजव्या बोटांत खोचलं. पुन्हा निसटलं. मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली.

कारकुनाने शाईचं पॅड उघडलं.

"राहू द्या. सही जमत नसेल तर अंगठा चालेल." शेवंताबाईंनी डावा हात पुढे केला, तसा तो म्हणाला, "तो नको, उजवा. आता रेकॉर्डला तोच आहे."