पायरीखालचे हात

“नळ देवळापुढं बसावा असं ज्यांचं म्हणणं हाय, त्यांनी हात वर करा,” सरपंच कोंडाजी म्हणाले.

रंगनाथने हात मोजले. एकोणीस.

नाशिकच्या कॉलेजातली राज्यशास्त्राची दहा मुलं ग्रामसभा बघायला आली होती. ‘फक्त बघायचं, मध्ये पडायचं नाही,’ असं निकुंभ सरांनी एसटीतच बजावलं होतं. पण “पोरं ना इकडची ना तिकडची, त्यांनाच मोजू द्या,” म्हणून कोंडाजींनीच मोजणी रंगनाथच्या गळ्यात घातली होती.

“आता ज्यांना नळ खालच्या वस्तीत हवा, त्यांनी.”

मारुतीच्या सभामंडपात एकही हात हलला नाही. ग्रामसेवकाने शून्य काढायला वहीवर पेन टेकवलं. तेवढ्यात रंगनाथची नजर बाहेर गेली. पायरीखाली, उन्हात, वस्तीतली माणसं उभी होती. सगळ्यांचे हात वर.

“अण्णा, बाहेरचे राहिले.”

“सभा सभामंडपात असते, बाळा,” कोंडाजी हसले. “बाहेर नुसते ऐकायला येतात.”

सरांनी खूण केली, बस खाली. रंगनाथ उभाच राहिला.

“मघाशी तुम्ही म्हणालात, सप्त्यात काल्याच्या कीर्तनाला हजार माणूस होतं.”

“होतंच! गजरानं कळस हलत होता.”

“या मंडपात किती मावतं?”

“शंभर. लय दाटीवाटीनं सव्वाशे.”

“मग बाकीचे?”

खांबाला टेकलेले म्हातारे टाळकरी पुंजाबाबा खो खो हसले. त्यांनी स्वतः देवळासाठीच हात वर केला होता. “घे, कोंडाजी! आता म्हण, बाहेर देव नव्हता म्हणून.”

कोंडाजींनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. नको मात्र म्हणाले नाहीत.

रंगनाथ पायऱ्या उतरला. ढिगात आपल्या चपला शोधत बसला नाही. फुफाट्याचे चटके बसत होते. एकेकापुढे थांबून तो मोठ्याने मोजू लागला. मंडपातले माना लांब करून बघत होते. सतरा. अठरा. एकोणीस.

कडेला म्हातारी भिमाबाई होती. उजवा हात वर, त्याला डाव्या हाताचा टेकू.

“वीस,” रंगनाथ म्हणाला.

“मोजला का रे बाबा?” तिने विचारलं. “तीन सभा झाल्या, वरच हाय.”