कॅसेटमधला आवाज

तरुणपणी दोघा भावांच्या बँडची एकच कॅसेट निघाली होती, आणि तिच्यातला धाकट्याच्या गिटारचा भरदार आवाज लोक अजून आठवायचे. तोच आवाज पुन्हा मिळवायला धाकट्याने जिवाचं रान केलं. त्याच सालची गिटार शोधून आणली, तसाच जुना, पूर्वीच्या रेडिओत असायचे तशा काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर मिळवला, त्याचा स्पीकर दोनदा बदलला. दिवसभर तो बटणं पिळायचा, चार सूर छेडायचा आणि वैतागून पुन्हा बटणांकडे वळायचा.

"मला तर सगळं सारखंच ऐकू येतं," बायको म्हणाली.

"नाही गं, काहीतरी कमी पडतंय."

"मग दादांना विचार ना. तेही होतेच की तेव्हा."

त्याने तोंड फिरवलं. 'बँड माझ्या गिटारवर चालतो, तुझ्यावाचून काही अडत नाही,' असं सुनावून त्यानेच दादाला बँडमधून काढलं होतं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. पण जीव काही थाऱ्यावर येईना. शेवटी त्याने फोन लावलाच.

"दादा, कॅसेटच्या वेळी माझ्या अँपची बटणं कशी लावली होती रे?"



 

"बटणांचं काही नाही रे. तुझी गिटार एकटी फार बारीक वाटत होती, म्हणून तू स्टुडिओतून घरी गेल्यावर मी तेच सगळं दुसऱ्या गिटारवर वाजवून तिच्या आवाजाखाली रेकॉर्ड करून ठेवलं होतं."