फुकटचा कढीपत्ता

ज्या प्रश्नाचं उत्तर यंत्राला येतं, त्यावर ऑनर्सचा प्रबंध लिहायचा नाही, असा विद्यापीठाचा नियमच होता. अर्थशास्त्राच्या हर्षालीने पगार, घरभाडं, कांद्याचा भाव, सगळं विचारून पाहिलं होतं. यंत्राने दर वेळी अख्खा प्रबंधच तिच्या पुढ्यात टाकला होता.

"आज शेवटची मुदत," कुलथे सर म्हणाले. "विषय नाही मिळाला, तर साधी पदवी घे."

हर्षालीने वैतागून भाजीची पिशवी उचलली, तशी तिच्यातून कढीपत्त्याची काडी खाली पडली. ती पाहून हर्षाली गर्रकन यंत्राकडे वळली.

"सगळे भाव तूच ठरवतोस. घासाघीस तर कधीच संपली. मग भाजीवाली मावशी अजून कढीपत्ता फुकट का घालते? आणि तोही मला, पहिल्यांदाच आलेल्या गिऱ्हाइकाला?"

यंत्र पुन्हा पुन्हा हिशेब मांडत राहिलं. असं कधीच होत नसे. सर खुर्चीतून उठून उभेच राहिले.

"माहीत नाही," यंत्र अखेर म्हणालं.

हर्षालीने टुणकन उडीच मारली आणि ती बाजाराकडे धावत सुटली. दारापाशी पोचते न पोचते तोच मागून यंत्राची हाक आली.

"ए, कळलं की मलाही सांगशील ना?"