जोडी कुठली

टाळ्या चालू असतानाच देवचंद सरांना तिसऱ्या रांगेत जमना पावरा दिसली. ती एकटी नव्हती. रावेरकडच्या आश्रमशाळेतल्या वीसेक मुली घेऊन आली होती, म्हणजे आता तिथं शिकवत असणार.

जळगावातलं हे व्याख्यान सरांचं वर्षातलं सातवं. विषय एकच. दोन मेलेले तारे एकमेकांभोवती फिरत फिरत शेवटी एकमेकांत मिसळतात. जन्मापासूनची जोडी असेल तर तोवर त्यांची कक्षा गोल होऊन गेलेली असते. ताऱ्यांच्या गर्दीत अचानक गाठ पडलेल्यांना तेवढा वेळच मिळत नाही, त्यांची लांबट राहते. कक्षेचा आकार बघा, जोडी कुठली ते कळतं. 'हे मला सुचलं,' असं सर दर वेळी सांगत. लोकांना फार आवडे.

सुचलं होतं जमनाला, सत्याऐंशी साली, बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत. सर धुळ्याहून परीक्षक म्हणून आले होते. जोडी कुठली ते कसं ओळखायचं, हा प्रश्न त्यांनी गंमत म्हणून विचारला होता. परतीची एसटी गाठायची घाई होती आणि पाड्यावरची पोरगी पुस्तकाबाहेरचं बोलते याचा रागही. 'साफ चूक,' म्हणाले आणि तिला नापास केलं. तिचं वर्ष गेलं. महिन्याभरानं सरांनी सहज गणित मांडून पाहिलं, तर पोरीचं अक्षर न् अक्षर खरं. तेव्हा एक पत्र टाकलं असतं तरी पुष्कळ होतं. सरांनी व्याख्यान तयार केलं. आयत्या बिळावर नागोबा.

आता ती सरळ व्यासपीठाकडे येत होती, मुली मागोमाग. ही चारचौघांत आपली सालटी काढणार, सरांना वाटलं. खरं सांगायचं तर त्यांना तेच हवं होतं. सहा वर्षं मन खात होतं, एकदाचं सुटलं असतं. 'जमना, हे तुझंच,' एवढं वाक्य त्यांनी मनात जुळवूनही ठेवलं.

जमनानं वाकून नमस्कार केला.

"सर, नापास केलंत त्याचा फार राग होता मला," ती म्हणाली. "वाटायचं, मी बरोबर सांगितलं होतं. आज तुमचं ऐकलं, तेही तेच. म्हणजे सांगताना माझंच काहीतरी चुकलं असणार, नाहीतर तुम्ही कशाला नापास कराल? चुकलंच होतं ना, सर?"

वीस मुली सरांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"थोडंसं," देवचंद सर म्हणाले.