लाल एमजीचा श्वास

तुर्भ्याच्या गॅरेजात नझीर आणि भगवान या दोघा मित्रांनी भंगारातून आणलेली लाल एमजी लेकीसारखी सांभाळून पुन्हा उभी केली होती. "पयली चक्कर दुर्गेला," असं भगवान बायकोच्या नावाने सांगून ठेवायचा. पण ती दोन सीटांची विलायती गाडी सुरू व्हायच्या आधीच तो गेला. त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी नझीरने दुर्गाबाईला गॅरेजात बोलावलं.

गाडी सुरू झाली, पण उचक्या देत राहिली. तिला दोन कार्बोरेटर, आणि दोघांचा श्वास सारखा लागायला हवा. इतर गाड्यांच्या वेळी भगवान रबरी नळी कार्बोरेटरच्या तोंडाशी लावून तो श्वास ऐकायचा, आणि त्याच्या सांगण्यावर नझीर स्क्रू फिरवायचा. नझीरला स्वतःला त्या कानाची देणगी नव्हती.

"वहिनी, तुमी बघा जरा ऐकून."

दुर्गाबाईने नळी कानाला लावली, डोळे मिटले. "थोडा सैल करा," ती म्हणाली. "अजून जरासा. आता दुसरा. बास."

इंजिन लोण्यासारखं चालू लागलं.

"वा! कुठं शिकलात हे?"

"मला काय येतंय? हे सांगतात, तेच तुमाला सांगते."

नझीरने घाईघाईने चावी फिरवून गाडी बंद केली. नळीचं टोक कार्बोरेटरपासून काढलं आणि त्यावर तळहात दाबून धरला. गॅरेजात शांतता पसरली. तळहाताला मात्र नळीतून उबदार फुंकर लागत होती.

दुर्गाबाईने नळी कानाशीच धरली होती. ती गालातल्या गालात हसत होती.

"हात काढा ना, भावजी," ती हळूच म्हणाली. "जीव गुदमरतोय त्यांचा."