डावा चौकोन

शेवटी खोलीला डावा रंगच लागला. पण हे तुम्ही ऐकलंच नाही असं धरून चालू, कारण बाबांचा निर्णय अजून व्हायचा आहे.

बाबा म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. निवृत्तीनंतर घरात त्यांना कोणी काही विचारत नसे. नवा फ्रिज आला तोही त्यांना अंधारात अडखळल्यावर कळला. त्यावरून ते असे रुसले की जेवताना मीठसुद्धा खुणेने मागू लागले. मग एका सकाळी मुलाने त्यांच्या खोलीच्या भिंतीवर दोन चौकोन रंगवले. डावा मोतिया, उजवा सायीचा. तुम्ही म्हणाल तो लावू, म्हणाला.

बाबा एकदम ताठ झाले. त्यांनी चौकोन उन्हात पाहिले, ट्यूबलाइटखाली पाहिले, एक डोळा मिटून पाहिले. डावा शांत होता. उजव्याला दुपारनंतर कावीळ व्हायची. सुनेला हे समजावताना त्यांचा चहा दोनदा गार झाला आणि तिने तो दोनदा न कुरकुरता गरम करून दिला. संशय तेव्हाच यायला हवा होता.

विरोध केला तो एकट्या शेजारच्या तात्यांनी. टेबलाला टेबल लावून नोकरी केलेला जन्माचा मित्र, पण रोज येऊन उजव्याची बाजू घ्यायचा. डाव्यात काही दम नाही, म्हणायचा. बाबांनी आधी समजावलं, मग सुनावलं, शेवटी त्याच्या तोंडावर दार लावलं. तत्त्वाचा प्रश्न होता. जिवाला लागलं खरं, पण त्या रात्री त्यांना झोप छान लागली. कितीतरी वर्षांनी कोणीतरी त्यांचं म्हणणं खोडून काढायची तसदी घेतली होती.

सकाळच्या फेरफटक्यात त्यांनी निर्णय पक्का केला. तो कळवायला घरी आले, तर रंगारी शिडीवर आणि तीन भिंती ओल्या.

"कुठला लावलास?" बाबांनी विचारलं.

रंगाऱ्याने डब्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. डबा एकच होता.

"बाबा, दोन्ही चौकोन ह्याच डब्यातले," मुलगा म्हणाला. "तुम्हाला जरा बरं वाटावं म्हणून."

"आणि तात्या? त्याला तर उजवा वेगळा दिसत होता."

"तात्याकाकांना आम्हीच पाठवत होतो," सून म्हणाली. "तुम्ही एकटे भांडणार कोणाशी?"

बाबा ओल्या भिंतीसमोर उभे राहिले. घरच्यांनी बनवलं, हे एक वेळ गिळता आलं असतं. पण वैरीसुद्धा खोटा निघाला होता. त्यांनी घसा साफ केला आणि टिपण सांगावं तशा आवाजात म्हणाले,

"अर्जदारास मागील आठवड्याप्रमाणे पुनश्च फसवण्यात यावे, व या खेपेस अखेरपर्यंत फसलेलेच राहू द्यावे, ही विनंती."